पात्र काटक बांधूनही वारंवार मरते: आधी मरणाचे कारण तपासा

समस्या अशी आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि आपापले पात्र साकारत खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एखाद्या खेळाडूचे पात्र मरते. मग तो पुढच्या वेळी अधिक जाड चिलखत, अधिक हिट पॉइंट (किती इजा सोसता येते तो आकडा) आणि अधिक राकट क्लास (पात्राचा पेशा) घेऊन येतो, आणि चार-दोन बैठकांत तेही पात्र मरते. खेळाडूला वाटते की फासे आपल्यावर रुसले आहेत, डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) वाटते की आपण राक्षस जरा जास्तच सोडले, आणि बाकीचे सवंगडी नव्या पात्राचे नाव पाठ करण्याच्याही फंदात पडत नाहीत. आमच्या गटात हा प्रकार एका पावसाळ्यात, एकाच खेळाडूच्या बाबतीत, चार वेळा घडला. त्या चार मृत्यूंची चिकित्सा करताना जे हाती लागले ते येथे सविस्तर मांडत आहे.

आमचा गट बेळगावात, शहापुरातील एका जुन्या कौलारू घराच्या माडीवर, दर रविवारी दुपारी जमतो. मी डीएम आहे. पाच खेळाडूंपैकी एक अनगोळहून आणि एक खानापुराहून येतो, आणि खानापूरकराला शेवटची बस गाठायची असल्यामुळे आमचा खेळ तीन तासांच्या पुढे जात नाही. या बसचा उल्लेख विनाकारण केलेला नाही, कारण पुढे एका मृत्यूत तिचाही वाटा आहे. आम्ही अजूनही २०१४ सालची नियमपुस्तिका वापरतो. २०२४ साली आलेल्या सुधारित नियमांनी काही आकडे बदलले आहेत, त्यांची नोंद शेवटी घेतली आहे.

तिसरे पात्र गेले त्या दिवशी हा खेळाडू माझ्याकडे बघून म्हणाला, "मेलं की ओ परत, दादा. आता पुढच्या टायमाला लोखंडच घालतो अंगावर, बघूया कसं मरतंय." गंमत अशी की त्याचे दुसरे पात्र लोखंड घालूनच मेले होते, आणि हे त्याच्या लक्षात राहिले नव्हते. माझ्याही नव्हते. तेव्हा मी घरातली एक लांबट खतावणी काढली आणि मागच्या मृत्यूंच्या नोंदी आठवून आठवून लिहिल्या: लढाई सुरू होताना किती हिट पॉइंट होते, खाली पाडणारा घाव कोणता, तो हल्ल्याचा होता की सेव्हिंग थ्रो (मंत्रासारख्या संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) चुकल्याचा, खाली पडल्यावर किती फेऱ्यांनी प्राण गेला आणि त्या वेळी सर्वांत जवळचा मित्र किती फुटांवर होता. ही पाच घरे भरली की निदान बहुतेक वेळा आपोआप होते. कोणाला आपल्या गटात ही अडचण सोडवायची असेल, तर नवा क्लास निवडण्याआधी एवढे काम करावे, कारण कारण कळल्याशिवाय केलेला उपाय लागू पडला तरी तो योगायोगच असतो.

कौलारू घरात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात पाणी जिथे ठिबकते, त्याच्या बरोबर वर कौल फुटलेले असतेच असे नाही. ते वरच्या अंगाला कुठेतरी शिरते, वाशावरून घरंगळते आणि चार हात खाली येऊन पडते. शाकारणीला आलेला माणूस ठिबकणाऱ्या जागेकडे न बघता आधी आढ्याकडे बघतो. पात्राचे हिट पॉइंट शून्यावर येणे ही ठिबकण्याची जागा आहे.

पहिला मृत्यू: हिट पॉइंटच कमी

पहिले पात्र विझार्ड (मंत्रविद्या शिकलेले) होते, पहिल्या लेव्हलचे (अनुभवाच्या पहिल्या पायरीचे). विझार्डचा हिट डाय (हिट पॉइंट ठरवणारा फासा) सहा पैलूंचा असतो, आणि पहिल्या लेव्हलला त्याचा सर्वांत मोठा आकडा अधिक कॉन्स्टिट्यूशनची (काटकपणा, पात्राच्या सहा क्षमतांपैकी एक) भर एवढे हिट पॉइंट मिळतात. याचे कॉन्स्टिट्यूशन १० होते, म्हणजे भर शून्य, म्हणजे एकूण सहा हिट पॉइंट. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवून मी एक पडका किल्ला रेखाटला होता. त्याच्या तटावरून गोब्लिनने (छोट्या चणीच्या राक्षसाने) बाण मारला आणि पहिल्याच बाणात विझार्ड कोसळला.

हे दुर्दैव वाटते, पण हिशेब मांडला तर तसे दिसत नाही. २०१४च्या नियमांतील गोब्लिनचा बाण सहा पैलूंचा एक फासा अधिक दोन इतकी इजा करतो. सहा हिट पॉइंट असलेले पात्र फाशावर चार, पाच किंवा सहा पडले की खाली जाते, म्हणजे लागलेल्या दर दोन बाणांतला एक त्याला पाडतो. तेच कॉन्स्टिट्यूशन १२ असते, तर हिट पॉइंट सात झाले असते आणि हे प्रमाण तीनात एक राहिले असते. १४ असते, तर हिट पॉइंट आठ झाले असते आणि केवळ सहा पडल्यावरच, म्हणजे सहात एकदा, तो पडला असता. दोन हिट पॉइंटांची भर ऐकायला क्षुल्लक वाटते, परंतु पहिल्या लेव्हलला तिची किंमत एवढी मोठी आहे. त्यातून सहा हिट पॉइंटवाल्याला आणखी एक धोका असतो: शून्यावर आल्यानंतर उरलेली इजा त्याच्या कमाल हिट पॉइंटांइतकी किंवा त्याहून जास्त असेल, तर डेथ सेव्हची (जीव वाचवण्यासाठी टाकायच्या फाशाची) संधीही न मिळता तो तत्काळ मरतो, आणि गोब्लिनचा क्रिटिकल (इजेचे फासे दुप्पट करणारा) बाण लागला तर ते होऊ शकते.

मग ती भर आणायची कुठून? पॉइंट-बाय पद्धतीत (यात क्षमतांचे आकडे गुण खर्चून घेतात) २७ गुण मिळतात. १० हा आकडा दोन गुणांना पडतो आणि १४ हा सात गुणांना, म्हणजे फरक पाच गुणांचा. या विझार्डने कॅरिस्मामध्ये (छाप पाडण्याच्या क्षमतेत) १३ ठेवले होते, आणि त्याची किंमतही नेमकी पाच गुण. 'किल्लेदाराशी गोड बोलता यावे' हा त्यामागचा विचार होता. किल्लेदार भेटण्याआधीच विझार्ड गेला. शिवाय त्याने मेज आर्मर हा मंत्र घेतला होता, पण किल्ल्याच्या पायथ्याशी तो म्हणायचे राहून गेले. डेक्स्टेरिटी (चपळता) १४ असलेल्या विझार्डचा आर्मर क्लास (शत्रूने वीस पैलूंचा फासा आणि हल्ल्याची भर मिळून गाठायचा आकडा) त्या मंत्राविना १२ असतो आणि मंत्रासह १५, आणि गोब्लिनच्या हल्ल्याची भर चार असल्यामुळे त्याचा नेम बसण्याची शक्यता ६५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येते. हा मंत्र आठ तास टिकतो, एकाग्रता मागत नाही, तेव्हा तो सकाळीच म्हणून टाकावा.

दुसरा मृत्यू: लोखंड घालूनही

दुसऱ्या पात्राची चिकित्सा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बहुतेक खेळाडू 'टिकाऊ' म्हणजे 'ज्याला मार लागत नाही तो' असे समजतात. हा फायटर (शस्त्रधारी योद्धा) होता. चेन मेलमुळे (कड्यांच्या चिलखतामुळे) १६, ढालीमुळे आणखी दोन, आणि डिफेन्स ही लढण्याची शैली निवडल्यामुळे एक, असा एकूण १९ आर्मर क्लास पहिल्याच लेव्हलला झाला. गोब्लिनला त्याच्यावर घाव घालायला वीस पैलूंच्या फाशावर १५ किंवा जास्त हवेत, म्हणजे ३० टक्के.

येथे आर्मर क्लासविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती सहसा कोणी नीट मोजत नाही. आर्मर क्लास एकाने वाढला की शत्रूची शक्यता पाच टक्क्यांनी घटते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण १३चा १४ झाला, तर ६०चे ५५ होतात, म्हणजे लागणाऱ्या घावांपैकी बारावा हिस्सा वाचतो, आणि १८चा १९ झाला, तर ३५चे ३० होतात, म्हणजे सातवा हिस्सा वाचतो. आर्मर क्लास जितका उंच, तितकी त्यातली पुढची पायरी अधिक मोलाची. म्हणूनच चिलखताच्या वाटेला जायचे असेल, तर पूर्ण जावे, अर्धवट जाऊन १५-१६वर थांबू नये. मधल्या आकड्यांवर थांबलेले पात्र धड लपतही नाही आणि धड घाव चुकवतही नाही.

आता हा फायटर मेला कसा? शत्रूपक्षातील मांत्रिकाने होल्ड पर्सन म्हटले. या मंत्राला आर्मर क्लासशी काही देणेघेणे नाही, तो विझ्डमचा (सावध मनाच्या क्षमतेचा) सेव्हिंग थ्रो मागतो. आमच्या मांत्रिकाचा डीसी (वाचण्यासाठी फाशाने गाठायचा आकडा) १३ होता आणि फायटरचे विझ्डम आठ, म्हणजे वजा एक. वाचायला फाशावर १४ हवे होते. ते पडले नाहीत, फायटर जागच्या जागी थिजला, आणि थिजलेल्या माणसावर पाच फुटांच्या आतून बसलेला प्रत्येक घाव क्रिटिकल धरला जातो. हल्ला करणाऱ्याला शिवाय ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) मिळतो. दोन फेऱ्यांत १९चा आर्मर क्लास अंगावर असताना तो संपला.

हे टाळण्यासाठी सेव्हिंग थ्रोंची रचना समजून घेणे भाग आहे. प्रत्येक क्लासला सहापैकी दोन सेव्हिंग थ्रोंत प्रावीण्य मिळते, आणि ती जोडी विचारपूर्वक केलेली आहे: डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन आणि विझ्डम या वारंवार लागणाऱ्या तिघांपैकी एक, आणि स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स, कॅरिस्मा या क्वचित लागणाऱ्या तिघांपैकी एक. याचा अर्थ असा की कोणताही क्लास घेतला तरी पहिल्या लेव्हलला महत्त्वाच्या तीन दारांपैकी दोन उघडीच, म्हणजे प्रावीण्याविना, असतात. फायटर आणि बार्बेरियन (रानटी योद्धा) यांचे कॉन्स्टिट्यूशन बंद असते आणि विझ्डम उघडे. क्लेरिक (बरे करणारे मंत्र जाणणारा पुरोहित) आणि पॅलॅडिन (धर्मयोद्धा) यांचे विझ्डम बंद असते, डेक्स्टेरिटी उघडी. कोणते दार उघडे आहे हे पात्र बांधतानाच कागदावर लिहून ठेवावे आणि त्या ठिकाणी निदान आठ तरी ठेवू नयेत. फायटरचे विझ्डम आठऐवजी १२ असते, तर त्याला १४ऐवजी १२ पडले तरी पुरले असते. खर्च चार गुणांचा. पुढे चौथ्या लेव्हलला रेझिलियंट ही फीट (जादा खुबी) घेऊन तेच दार कायमचे बंद करता येते, आणि माझ्या मते आघाडीवर लढणाऱ्या फायटरने ताकद २०वर नेण्याआधी याचा विचार करावा. आमच्या माडीवर यावर अजून एकमत झालेले नाही.

तिसरा मृत्यू: रागही नाही, विश्रांतीही नाही

तिसरे पात्र बार्बेरियन. आमच्यातला एक कन्नड मित्र फासे कन्नडमध्येच मोजतो, त्यामुळे बारा पैलूंचा हिट डाय असलेल्या या पात्राचे नाव सर्वांनी मिळून 'हन्नेरडु' ठेवले. दुसऱ्या लेव्हलला कॉन्स्टिट्यूशन १६ धरून त्याचे २५ हिट पॉइंट होते. रेज (लढाईतला संताप) चालू असताना शस्त्रांच्या तिन्ही प्रकारच्या इजा निम्म्या होतात, म्हणजे तलवार, भाला आणि सोटा यांच्यापुढे ते २५ जवळजवळ ५०चे काम करतात. कागदावर यापेक्षा काटक पात्र त्या लेव्हलला मिळणे कठीण.

अडचण 'चालू असताना' या शब्दांत आहे. दुसऱ्या लेव्हलला रेज दोन दीर्घ विश्रांतींच्या मध्ये फक्त दोनदा मिळते. आम्ही त्या दिवशी तिसरी लढाई लढत होतो. हन्नेरडुचे ११ हिट पॉइंट उरले होते, रेज संपली होती, आणि तरीही सवयीने त्याने रेकलेस अटॅक जाहीर केला. या हल्ल्यात स्वतःला ॲडव्हांटेज मिळतो, तसाच पुढच्या वळणापर्यंत (आपली पुढची पाळी येईपर्यंत) शत्रूलाही मिळतो. १५च्या आर्मर क्लासवर गोब्लिनची शक्यता ५० टक्के असते, ॲडव्हांटेज मिळाला की ती ७५ होते. रेज असती, तर वाढलेल्या घावांची इजा निम्मी होऊन सौदा फायद्यातच राहिला असता. रेज नसताना तो उघडउघड तोट्याचा होता.

पण खतावणीत नोंद करताना याहून जुने कारण सापडले. हन्नेरडुचे दोन्ही हिट डाय शिल्लक होते. दुसऱ्या लढाईनंतर एक छोटी विश्रांती घेतली असती, तर बारा पैलूंचे दोन फासे आणि प्रत्येकी तीनची भर, म्हणजे सरासरीने १९ हिट पॉइंट परत आले असते, आणि तो जवळजवळ पूर्ण भरून तिसऱ्या लढाईत उतरला असता. ती विश्रांती का घेतली नाही? कारण खानापूरच्या बसला पाऊण तास उरला होता आणि सर्वांनी 'चला चला' केले. खेळातली छोटी विश्रांती एका तासाची असते, पण टेबलावर तिला दोन मिनिटे लागतात. बाहेरची घाई आम्ही आत नेली आणि ती बार्बेरियनला भोवली. यात दोष बसचा नाही, आमचा सर्वांचा आहे. २०१४च्या नियमांची रचनाच मुळी अशी आहे की एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी व्हाव्यात आणि मध्ये साधारण दोन छोट्या विश्रांती मिळाव्यात. ज्यांचा खेळ आमच्यासारखा घड्याळाला बांधलेला आहे, त्यांनी डीएमला आधीच विचारून घ्यावे की विश्रांती किती वेळा मिळेल, आणि त्या उत्तरावर क्लास ठरवावा. विश्रांतीच मिळणार नसेल, तर फायटरची सेकंड विंड (स्वतःचे काही हिट पॉइंट भरून काढण्याची सोय) दिवसातून एकदाच वापरायला मिळेल आणि वॉरलॉकचे मंत्र दोन फेऱ्यांत आटोपतील.

चौथा मृत्यू: पडल्यानंतर

चौथे पात्र क्लेरिक, तिसऱ्या लेव्हलचे. त्याची बांधणी वाईट नव्हती. ओगरच्या (धिप्पाड राक्षसाच्या) दोन सोट्यांनी ते शून्यावर आले, आणि तिथपर्यंत काहीच बिघडले नव्हते, कारण या खेळात शून्यावर येणे म्हणजे मरणे नव्हे. दर वळणाला डेथ सेव्ह फेकायचा, १० किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश, तीन यशे आली तर प्रकृती स्थिर, तीन अपयशे आली तर मृत्यू. एक पडला तर दोन अपयशे, २० पडले तर एक हिट पॉइंटसह डोळे उघडतात. कोणीही मध्ये पडले नाही, तर वाचण्याची शक्यता साधारण ६० टक्के येते.

मात्र बेशुद्ध पात्रावर पाच फुटांच्या आतून घाव बसला, तर तो क्रिटिकल धरला जातो आणि एकदम दोन अपयशे मोजली जातात. ओगरने पडलेल्या क्लेरिकवर आणखी एक सोटा हाणला. त्या क्षणी ६० टक्क्यांचे २१ टक्के झाले. पुढच्या वळणाला सात पडले आणि खेळ संपला. ओगरने तो सोटा हाणायलाच हवा होता का, हा प्रश्न मी नंतर स्वतःला विचारला. भुकेला ओगर आडव्या पडलेल्याला सोडून उभ्या असलेल्यांकडे वळला असता, असे मानण्यास जागा होती. या मृत्यूत डीएमचाही हात आहे, हे मान्य करतो.

तरी मूळ कारण गटाच्या रचनेत होते. गटात दुरून बरे करू शकणारा एकटा क्लेरिकच, आणि तोच सर्वांच्या पुढे ४० फूट धावला होता. वैद्यच आजारी पडला, तर त्याला औषध कोण देणार? हीलिंग वर्ड हा मंत्र ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (त्याच वळणातल्या जादा छोट्या कृतीत) म्हणता येतो, आणि त्याने एकच हिट पॉइंट आला तरी माणूस उठून उभा राहतो. असा मंत्र बार्ड, ड्रुइड किंवा दुसरा क्लेरिक यांपैकी आणखी एकाकडे असायला हवा होता. तेही नसेल तर ५० सुवर्णमुद्रांची औषधी कुपी, आणि तीही परवडत नसेल तर पाच सुवर्णमुद्रांची हीलर्स किट, जिच्या एका वापराने कोणताही फासा न फेकता पडलेल्याची प्रकृती स्थिर होते आणि जी दहा वेळा वापरता येते. आमच्या पाच जणांत मिळून एकही किट नव्हती. दोरखंड मात्र चौघांकडे होता.

पाचवे पात्र

चार नोंदी शेजारी शेजारी लिहिल्यावर हे स्पष्ट झाले की फक्त पहिला मृत्यू अधिक हिट पॉइंटांनी टळला असता. लोखंडाने तर एकही टळला नसता. त्यामुळे पाचव्या पात्रासाठी 'सर्वांत जाड कोण' हा प्रश्न आम्ही सोडून दिला. पुरेसे हिट पॉइंट, पूर्ण चिलखत, विझ्डमचे दार बंद आणि स्वतःला व इतरांना उठवण्याची सोय, या चारही गोष्टी एका ठिकाणी कुठे मिळतात ते पाहिले. उत्तर हिल ड्वार्फ (एक बुटका, काटक वंश), लाइफ डोमेनचा (क्लेरिकची बरे करण्यावर भर देणारी शाखा) क्लेरिक असे निघाले. खेळाडू नाराज होता. त्याला कुऱ्हाड हवी होती.

बांधणी अशी केली. स्ट्रेंग्थ १४, डेक्स्टेरिटी १०, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स ८, विझ्डम १५, कॅरिस्मा १०. गुण बरोबर २७ होतात. हिल ड्वार्फमुळे कॉन्स्टिट्यूशनमध्ये दोन आणि विझ्डममध्ये एक मिळवले की दोन्ही १६ होतात. लाइफ डोमेनमुळे जड चिलखत घालता येते, म्हणून चेन मेल आणि ढाल मिळून आर्मर क्लास १८. क्लेरिकचा हिट डाय आठ पैलूंचाच, पण हिल ड्वार्फला दर लेव्हलला एक हिट पॉइंट वरकड मिळतो. त्यामुळे पहिल्या लेव्हलला १२ आणि पुढे ठरावीक सरासरी घेतली, तर दर लेव्हलला नऊ, असे पाचव्या लेव्हलला ४८ होतात. याच हिशेबाने कॉन्स्टिट्यूशन १६ असलेल्या फायटरचे पाचव्या लेव्हलला ४९ होतात. फक्त एका हिट पॉइंटाचा फरक. हे गणित खतावणीत मांडून दाखवल्यावर कुऱ्हाडीचा आग्रह थोडा सैल झाला, आणि क्लेरिकला एरवी न चालणारी कुऱ्हाड ड्वार्फ म्हणून वापरता येते हे कळल्यावर उरलेली नाराजीही गेली.

विझ्डमचा सेव्हिंग थ्रो पहिल्याच लेव्हलला अधिक पाच. होल्ड पर्सनच्या त्या १३च्या डीसीपुढे फायटरला १४ लागत होते, याला आठ पुरतात. ड्वार्फ असल्यामुळे विषाविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोला ॲडव्हांटेज आणि विषाची इजा निम्मी. लाइफ डोमेनमुळे बरे करणाऱ्या प्रत्येक मंत्रात दोन अधिक मंत्राची लेव्हल एवढी भर पडते, म्हणजे पहिल्या लेव्हलचा हीलिंग वर्डदेखील तीन जास्त देतो. तिसऱ्या लेव्हलला एड हा मंत्र मिळाला, ज्याने तीन जणांचे कमाल हिट पॉइंट आठ तासांसाठी पाच-पाचने वाढतात, आणि तो आमच्या बैठकीत आता पहिल्या पाच मिनिटांत उरकला जातो.

बांधणीइतकाच महत्त्वाचा असलेला आणखी एक भाग म्हणजे वागणूक. क्लेरिक आता कोणाच्याही ३० फुटांपुढे जात नाही. चहूबाजूंनी घेरला गेला, तर हल्ला सोडून डॉज करतो, ज्यामुळे त्याच्यावरच्या हल्ल्यांना डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा धरणे) लागतो. १८च्या आर्मर क्लासवर गोब्लिनची ३५ टक्क्यांची शक्यता त्यामुळे १२ टक्क्यांच्या आसपास येते. तालमीत गेलेल्यांना हे पटकन पटते, कारण तिथे दम टिकवून ठेवणारा मल्ल पहिल्या पाच मिनिटांत काही करताना दिसत नाही. आमच्या खेळाडूला मात्र 'मी या वळणाला डॉज करतो' असे म्हणायला दोन महिने लागले, कारण त्याला ती माघार वाटायची. हीलर्स किट आता तिघांकडे आहेत, आणि दुसऱ्या लढाईनंतर छोटी विश्रांती घ्यायचीच, बस गेली तर कोणीतरी दुचाकीवरून खानापूरला सोडायचे, असे ठरले आहे. आतापर्यंत एकदाच सोडावे लागले.

२०२४च्या नियमांनी खेळणाऱ्यांसाठी फरक थोडक्यात सांगतो. आता वरकड हिट पॉइंट सर्वच ड्वार्फांना मिळतो, गुणांची भर वंशातून न येता पार्श्वभूमीतून येते, आणि जड चिलखताची सोय लाइफ डोमेनऐवजी क्लेरिकच्या प्रोटेक्टर या पर्यायातून पहिल्या लेव्हलला होते, कारण डोमेन तिसऱ्या लेव्हलला निवडायचे असते. शेतकऱ्याची पार्श्वभूमी घेतली, तर कॉन्स्टिट्यूशन आणि विझ्डम दोन्ही वाढवता येतात आणि वर टफ ही फीट मिळते, जी दर लेव्हलला दोन हिट पॉइंट देते. या हिशेबाने वरचेच पात्र पाचव्या लेव्हलला ५८ हिट पॉइंटांवर जाते. क्युअर वुंड्स आणि हीलिंग वर्ड या बरे करणाऱ्या मंत्रांचे फासे दुप्पट झाले आहेत, औषधी कुपी बोनस ॲक्शनमध्ये पिता येते आणि दीर्घ विश्रांतीत सगळे हिट डाय परत मिळतात, निम्मे नव्हे. एकूण पडलेल्याला उठवणे सोपे झाले आहे. पण सेव्हिंग थ्रोंची उघडी दारे तशीच आहेत.

आमच्या पाचव्या पात्राचेही एक दार उघडे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या डेक्स्टेरिटीच्या सेव्हिंग थ्रोला भर शून्य आहे. तरुण लाल ड्रॅगनचा अग्निश्वास १७चा डीसी मागतो आणि चुकल्यास सहा पैलूंचे १६ फासे, म्हणजे सरासरी ५६ इजा करतो. आमचा क्लेरिक पाचपैकी चार वेळा चुकेल आणि ४८ हिट पॉइंट असताना एका श्वासात झोपेल. चिलखत, ढाल, डॉज, यांपैकी कशाने हे टळत नाही. डॉजने डेक्स्टेरिटीच्या सेव्हिंग थ्रोला ॲडव्हांटेज मिळतो एवढाच काय तो आधार, तोही ड्रॅगन श्वास घेण्याआधी डॉज केला असेल तर. यावर स्वतःच्या बांधणीत फार काही करता येत नाही, गटाकडूनच मदत घ्यावी लागते: अनगोळच्या खेळाडूचा पॅलॅडिन लवकरच सहाव्या लेव्हलला पोहोचेल, तेव्हापासून त्याच्या १० फुटांच्या आत उभ्या असलेल्या प्रत्येक मित्राच्या सर्व सेव्हिंग थ्रोंमध्ये त्याच्या कॅरिस्माची भर पडेल. तोपर्यंत ड्रॅगन किल्ल्याच्या बाहेर राहील, असे मी डीएम म्हणून कबूल केले आहे, आणि क्लेरिकने पॅलॅडिनपासून दोन चौकोनांपेक्षा लांब उभे राहायचे नाही, असे खेळाडूने नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.